बंड्याच्या जबड्याखाली दोन गाठी: लिम्फ नोड साधा कधी, काळजीचा कधी?

पागोळी
आज संध्याकाळी आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, पट्टा सैल करायला गळ्याखाली बोटं घातली आणि हाताला दोन गाठी लागल्या. जबड्याच्या हाडाच्या आतल्या अंगाला, एक डावीकडे, एक उजवीकडे. सुपारीएवढ्या असतील, डावी जरा मोठी. दाबलं की सरकतात. त्याला दुखत नसावं, उलट मान वर करून 'अजून खाजव' म्हणत बसला. वय ६, वजन २४ किलो, अर्धा लॅब आणि अर्धा देव जाणे. खाणं, खेळणं, शी-शू सगळं रोजच्यासारखं.

नेटवर शोधलं आणि स्वतःचाच घात केला. दुसऱ्याच ओळीत कॅन्सर. डॉक्टरांची वेळ परवा दुपारची मिळाली आहे. तोवर थांबलं तर चालेल का? शेक द्यायचा का? घरात यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्याच डोक्यावर येऊन बसली आहेत.

गोचीडमार
आधी अंगावर गोचीड आहे का बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, पट्ट्याच्या खाली. बाकी जाणकार येतीलच.

सुईदोरा
मी जनावरांचा डॉक्टर आहे, २० वर्षं मुख्यतः कुत्री-मांजरंच बघतोय. इथून निदान करणार नाही, पण परवापर्यंत तुम्हाला घरी काय बघता येईल ते सांगतो.

शेक नको, चोळणंही नको. गाठ सारखी चिवडली की तीच सुजते, मग मूळ आकार कळत नाही.

आपल्याकडे यासाठी एक छान जुना शब्द आहे, अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तेच. कुत्र्याच्या शरीरातही हेच चालतं. रक्तातून पेशींच्या मधल्या जागेत पाझरलेलं पाणी बारीक नळ्यांतून परत हृदयाकडे जातं आणि वाटेत या ग्रंथींमधून, म्हणजे लिम्फ नोडमधून, गाळलं जातं. त्यात जंतू किंवा काही परकं सापडलं की पांढऱ्या पेशी तिथल्या तिथे भराभर वाढतात आणि गाठ फुगते. प्रत्येक गाठीचा आपापला मुलूख ठरलेला असतो. जबड्याखालच्या गाठीकडे तोंड, दात, डोळे आणि चेहरा. गुडघ्यामागच्या गाठीकडे मागचा पंजा आणि पाय. म्हणून एकच गाठ फुगली की मी आधी तिच्या मुलुखात चोर शोधतो.

आता कामाचं. बंड्या उभा असताना त्याच्या मागे बसा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजू एकदमच चाचपा, म्हणजे फरक कळतो. जबड्याखाली पाहिलंच आहे. नंतर खांद्याच्या हाडाच्या पुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे बोटं थोडी खोल घालून मागेपुढे सरकवा. मग बगल. मग जांघ. शेवटी मागच्या पायाच्या गुडघ्याच्या बरोबर मागे, दोन स्नायूंच्या मधल्या खळीत चिमूट धरा. बगलेतली आणि जांघेतली गाठ धडधाकट कुत्र्यात बहुधा लागतच नाही. बाकी तीन ठिकाणी छोटी गाठ लागणं नॉर्मल आहे, हे लक्षात ठेवा, नाहीतर आज रात्री आणखी चार गाठी 'सापडतील'.

आणि अजून एक फसवणूक. जबड्याच्या कोपऱ्यामागे लाळग्रंथी असते. ती गुळगुळीत, मऊसर आणि गाठीपेक्षा मोठी. लिम्फ नोड तिच्या पुढे असतात, एकेका बाजूला दोन-तीन, जरा टणक. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी लाळग्रंथी धरून घाबरत माझ्याकडे येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकाऊ डॉक्टरही फसतात.

परवापर्यंत थांबता येईल. पण श्वास घेताना घरघर, गिळताना त्रास, चेहरा अचानक सुजणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, किंवा गुदद्वारात मोजलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, यातलं काही दिसलं तर वेळेची वाट बघू नका. कुत्र्याचं तापमान मुळात १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे हात लावून 'गरम लागतोय' यावर जाऊ नका. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर चुकूनही नको.

पागोळी
डॉक्टर, खूप खूप आभार. तुम्ही म्हणालात तसं मागे बसून केलं. बंड्याला वाटलं नवीन खेळ आहे, तो गोल फिरला आणि माझ्याकडे तोंड करून बसला, तीनदा. शेवटी नवऱ्याने पुढून बिस्किट दाखवत ठेवलं.

खांद्यापुढे काही लागलं नाही, बगल आणि जांघ रिकामी. गुडघ्यामागे मात्र दोन्हीकडे वाटाण्याएवढं काहीतरी आहे. 😟

सुईदोरा
वाटाण्याएवढं असू दे. ते त्याचं जन्मापासूनचं आहे. आजचा आकार लिहून ठेवा. मापायला पट्टी धरण्यापेक्षा कागदावर तेवढाच गोल काढून तारीख टाका.

कातरवेळ
धागा वरवर चाळून पुढे जाणार होते, पण लिहितेच.

आमचा शेरा बॉक्सर होता, ८ वर्षांचा. त्याच्याही जबड्याखाली गाठी आल्या, आठवड्याभरात खांद्यापुढेही. तेव्हा खांद्यापुढे बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं, आंघोळ घालताना योगायोगाने हात गेला. ज्यांच्याकडे नेलं त्यांनी 'सूज आहे, उतरेल' म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या. आणि खरंच उतरली हो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठी निम्म्या. शेरा घोड्यासारखा जेवायला लागला. मी त्यांना फोन करून धन्यवाद दिले.

गोळ्या संपल्यावर दहाव्या दिवशी गाठी परत आल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, इंजेक्शन कसलं होतं? कागदावर नाव नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, स्टेरॉइड. सुईने नमुना काढला, तो धड वाचता येईना, मग आख्खी गाठ काढून बायॉप्सी. लिम्फोमा, म्हणजे या गाठींमधल्या पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर. औषधांनी सुरुवातीला थोडी दाद दिली, पण दोनच महिने. त्या इंजेक्शनमुळेच असं कुणी छातीठोक सांगितलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण परवा जाल तेव्हा एवढं विचारा, 'यात स्टेरॉइड आहे का?' आणि सुईने नमुना घेतल्याशिवाय ते देऊ देऊ नका.

पागोळी
कातरवेळ ताई, काय बोलू. विचारते नक्की.

आडमुठा
शेराबद्दल वाईट वाटलं. पण एक शंका आहे, राग मानू नका. गाठ दिसली की लगेच सुई कशाला? दहा दिवस अँटिबायोटिक देऊन बघायचं, उतरली तर जंतूच होते, नाही उतरली तर पुढचं. आमच्या कुत्रीचं असंच झालं आणि ती आज १३ वर्षांची आहे. डॉक्टर लोक तपासण्या जरा जास्तच सांगतात असं माझं मत.

सुईदोरा
कातरवेळ ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडला इतक्या लवकर मरतात की एका डोसानेही गाठ ओसरू शकते. मग सुईत नुसता मेलेल्या पेशींचा कचरा येतो आणि निदान हुकतं. त्याहून वाईट म्हणजे ज्या पेशी तगतात त्या औषधाला निबर होतात आणि नंतरची केमोथेरपी कमी चालते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, लिम्फोमाच्या उपचारातही ते असतंच. फक्त त्याचा नंबर सुईनंतर.

आडमुठा, एकच गाठ फुगलेली, तिच्या मुलुखात कारण समोर दिसतंय, म्हणजे फुटलेलं गळू, सडका दात, चिघळलेला पंजा, तर तुमचं म्हणणं बरोबर. मीही आधी कारणावरच उपचार करतो आणि दोन आठवड्यांनी परत हात लावून बघतो. पण तीन-चार ठिकाणच्या गाठी एकदम फुगल्यात, दुखत नाहीत आणि कुत्रा मजेत आहे, तिथे दहा दिवस घालवणं महागात पडतं. काहीच न केल्यास लिम्फोमाचा कुत्रा बहुधा महिना-दीड महिनाच काढतो. त्यातले दहा दिवस म्हणजे किती ते तुम्हीच काढा.

दुखण्याबद्दल लोकांचा हिशोब उलटा असतो, म्हणून तेही लिहितो. दुखणारी, गरम, हात लावू न देणारी गाठ बहुतेकदा जंतूंची. न दुखणारी, टणक, रोज थोडी वाढणारी गाठ मला जास्त अस्वस्थ करते. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे वाक्य मी क्लिनिकमध्ये रोज ऐकतो.

आडमुठा
महिना-दीड महिना हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. तपासण्यांबद्दलचं मत मात्र अर्धंच मागे.

गोचीडमार
आता माझा मुद्दा. आमच्या कुत्र्याच्या सगळ्याच गाठी फुगल्या होत्या, आणि तरीही कॅन्सर नव्हता. ताप, खाणं बंद, आणि एका सकाळी नाकातून रक्त. पांढऱ्या फरशीवर थेंबांची ओळ दाराशी गेलेली. रक्त तपासलं तर प्लेटलेट तळाला. एर्लिकिया. तपकिरी गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत दिसायला लागतो असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आम्ही त्याच्या अंगावरचे गोचीड साधारण तेवढ्याच दिवसांपूर्वी काढले होते. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस. तिसऱ्या दिवशी उठून दारात बसला. मी तेव्हाच गोळ्या थांबवणार होतो, डॉक्टर अक्षरशः ओरडले. पूर्ण २८ दिवस द्या म्हणाले, पोट भरल्यावर आणि वर पाणी पाजून, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

तेव्हापासून हे नाव घेतलंय.

सुईदोरा
गोचीडमारांना अनुमोदन. एर्लिकिया, बॅबेसिया, आणि जिथे वाळूमाशी आहे तिथे लिश्मानिया, हे सगळे रोग सर्वांगाच्या गाठी फुगवतात. म्हणून सुईबरोबर रक्ततपासणीही. प्लेटलेट कमी असतील तर ते आधी कळलेलं बरं, विशेषतः बायॉप्सी करायची वेळ आली तर.

चिंगीची_आई
पिल्लांचं वेगळं असतं का? आमच्या चिंगीला अडीच महिन्यांची असताना तोंड सुजून गाठी फुटल्या होत्या आणि तिला तर स्टेरॉइडनेच बरं केलं. हे सगळं वाचून आता घाबरायला झालं.

सुईदोरा
घाबरू नका, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. त्याला पपी स्ट्रँगल्स म्हणतात. साधारण चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना होतो. ओठ, पापण्या, कान सुजतात, जबड्याखालच्या गाठी फुगून फुटतात. दिसतं जंतूंसारखं, पण घोटाळा प्रतिकारशक्तीचा असतो, नुसत्या अँटिबायोटिकने हटत नाही. तिथे स्टेरॉइडच लागतं.

पागोळी
आलो जाऊन. सविस्तर लिहिते, कारण जाण्याआधी असं कुणी लिहिलेलं मला हवं होतं.

डॉक्टरांनी आधी पाचही जागा चाचपल्या. मी मनात त्यांच्या हाताबरोबर मोजत होते. मग बंड्याचा ओठ वर केला आणि तिथेच थांबल्या. वरच्या डाव्या बाजूची मोठी दाढ उभी चिरलेली, हिरडीशी पिवळसर रेघ, आणि असा वास की मला माझीच शरम वाटली. रोज तोंडापाशी तोंड असतं, कधी ओठ उचलून पाहिला नव्हता. उजवीकडेही दातांवर दगडासारखा थर.

मी विचारलं, मग सुई नको ना? त्या म्हणाल्या, दात दिसला म्हणून गाठ निर्दोष होत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. भूल नाही, काही नाही. नेहमीच्या इंजेक्शनची बारीक सुई, डाव्या गाठीत तीन-चारदा वेगवेगळ्या कोनांतून घातली. बंड्याने एकदाच कान मागे घेतले. सुईत मला काहीच आल्यासारखं दिसलं नाही. पण सिरिंजमधून हवा भरून फुस्स केलं तर काचपट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढा धुरकट थेंब. दुसरी काचपट्टी त्यावर ठेवून अलगद ओढली आणि हवेत हलवत वाळवली. मग दुसऱ्या बाजूलाही तेच. स्टेरॉइडचं विचारलं तर हसून म्हणाल्या, 'कुणी शिकवून पाठवलंय वाटतं.'

रिपोर्ट दोन दिवसांनी.

कातरवेळ
दोन दिवस मोठे असतात. इथे लिहीत राहा.

पागोळी
रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय 'रिअ‍ॅक्टिव्ह हायपरप्लासिया'. हे चांगलं की वाईट? हायपर म्हटलं की धडकीच भरते. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, संध्याकाळी बोलतील.

सुईदोरा
पेढे वाटा. 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणजे गाठ कुणाला तरी उत्तर देते आहे, 'हायपरप्लासिया' म्हणजे त्यासाठी पेशी वाढल्यात, आणि तो कुणीतरी त्या दाढेत बसलाय. अशा नमुन्यात बहुतांश छोट्या, वयात आलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतात, थोड्या मोठ्या, थोड्या प्लाझ्मा पेशी, अशी सरमिसळ. लिम्फोमात उलट. निम्म्याहून जास्त पेशी एकाच साच्यातल्या, मोठ्या, कोवळ्या, तांबड्या पेशीच्या दुप्पट केंद्रकाच्या. ठरवता येत नसेल तर रिपोर्टमध्येच तसं लिहितात, मग बायॉप्सी. दात काढल्यावरही गाठी लगेच जाणार नाहीत, काही आठवडे घेतील, आणि थोड्या जाड राहिल्या तरी चालतं. तुमचा तो कागदावरचा गोल आता कामाला येईल.

अवांतर: जबड्याखालचा नमुना तोंडाच्या घाणीमुळे नेहमीच थोडा 'रिअ‍ॅक्टिव्ह' दिसतो. म्हणून सगळीकडे गाठी असतील तर आम्ही जबडा सोडून गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची गाठ निवडतो. बंड्याच्या फक्त तिथेच होत्या, त्यामुळे त्यांनी केलं ते योग्य.

आडमुठा
अभिनंदन पागोळी! दाढ निघाली की फोटो टाका. दाढेचा नाही, बंड्याचा.

नुसताच वाचक
मी इथे कधी लिहीत नाही. पाच वर्षं नुसता वाचतो.

परवा रात्री सुईदोरा यांचा पहिला प्रतिसाद वाचला आणि सहज म्हणून आमच्या गोल्डनच्या मागे जाऊन बसलो. ती ७ वर्षांची. आजारी नाही, काही नाही. गुडघ्यामागे चिमूट धरली तर लिंबाएवढं काहीतरी हातात आलं. दुसऱ्या पायालाही. खांद्यापुढे बोटं घालायची गरजच पडली नाही, केसांखाली हात ठेवताच लागलं. इतक्या केसांत मला रोज कुरवाळताना कधी कळलं नव्हतं.

गुडघ्यामागून नमुना घेतला. लिम्फोमा आहे. पुढची तपासणी झाली, बी-सेल, म्हणजे बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. पोटाच्या सोनोग्राफीत यकृत-प्लीहा ठीक. उपचार करावे की नाही यावर घरात कुणी बोलत नाही. सगळे तिच्या आजूबाजूला बसतात.

सुईदोरा
तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. जेवढं ठोस आहे तेवढं सांगतो.

कुत्र्यांच्या लिम्फोमात हा सर्वांगाच्या गाठींचा प्रकार सर्वात जास्त आढळतो, आणि गोल्डन, बॉक्सर यांच्यात जरा अधिकच. सगळ्या गाठी, पण यकृत-प्लीहा आणि रक्त मोकळं, म्हणजे तिसरा टप्पा. तब्येत चांगली असणं आणि बी-सेल असणं, दोन्ही तिच्या बाजूने. टी-सेल बहुधा जास्त हट्टी असतो, त्याचा एक संथ प्रकार सोडला तर. टी-सेलमध्ये काहींचं रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि कुत्रा पाण्यावर तुटून पडतो.

चार औषधांचा एक क्रम असतो, व्हिनक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, साधारण पाच-सहा महिने. बी-सेलवाल्या १० पैकी ८-९ कुत्र्यांच्या गाठी उतरतात. पण हा आजार बरा होणं विरळा. निम्मी कुत्री साधारण वर्षभर काढतात, चार-पाचातलं एखादं दोन वर्षं. नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक-दोन महिने, कधी तीन. तेही निवडणारी माणसं असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माणसांच्या केमोचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. कुत्र्यांना डोस बेताचा देतात, हेतू चांगले दिवस मिळवायचा असतो. उलटी-जुलाब एखाद-दोन दिवस होऊ शकतात. औषधानंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात, त्या सुमारास ताप आला तर रात्री-अपरात्रीही फोन करायचा. बाकी वेळ तिला कळणारही नाही.

कातरवेळ
तुमच्या हातात अजून न बिघडलेली वेळ आहे. आमच्याकडे ती नव्हती. जो निर्णय घ्याल तो घ्या, पण लवकर घ्या.

पागोळी
बंड्याच्या दोन दाढा निघाल्या. डावी गाठ कागदावरच्या गोलात आता सैल बसते. वाचक दादा, तुमच्याकडे काय ठरलं?

नुसताच वाचक
केमो सुरू केली. पहिलं व्हिनक्रिस्टिन झालं. दिवसभर झोपली, संध्याकाळी चेंडू आणून पायावर टाकला. तिचे केस गळतील म्हणून मुलगी रडत होती. डॉक्टर म्हणाले गोल्डनचे फारसे नाही गळत, मिशा मात्र जातील. ज्यांचे केस पूडलसारखे सतत वाढतात त्यांचेच जास्त जातात म्हणे. पहिले काही दिवस शी-शू उचलताना हातमोजे, आणि मुलांनी त्या बाजूला जायचं नाही, एवढाच घरातला बदल.

आज आठवा दिवस. गुडघ्यामागे चिमूट धरली, काहीच लागलं नाही. तीनदा शोधलं.

सुईदोरा
उत्तम. पण चौथ्यांदा नीट शोधा, वाटाण्याएवढी तिथे असतेच.